डमीतलं हसू

हिंदी सिनेमात गाण्याची चाल आधी होते, शब्द मागून येतात, आणि मोठ्या गायिकेला वेळ नसला तर तोवर दुसरीच कोणीतरी गाऊन ठेवते. त्याला म्हणायचं डमी. मोठ्या बाई आल्या, गायल्या, की डमी पुसायची. आमची चिमणी, म्हणजे माझी धाकटी बहीण, वर्षानुवर्षं अशी पुसली जात होती. आणि त्या गाण्यांचे शब्द लिहिणारी मी, तिची सख्खी ताई! माझं नाव पडद्यावर आणि तिचा आवाज केरात. नुसता संताप व्हायचा माझा.

"ताई, ही शेवटची डमी," त्या दिवशी स्टुडिओच्या जिन्यात ती म्हणाली. "हीही पुसली की मी नोकरी धरते. गाणं बंद. बाथरूममध्येसुद्धा नाही."

"गप गं," मी म्हटलं खरं, पण मला ठाऊक होतं: चिमणीने बोललेला शब्द कधी मागे घेतलेला नाही.

गाणं नवऱ्याची खोडी काढणाऱ्या बायकोचं होतं. शेवटचं कडवं मी तिथे जिन्यातच बसून पुरं केलं आणि कागद तसाच तिच्या हातात कोंबला. त्या कडव्यात मी आमच्या बाबांनाच घातलं होतं: चष्मा कपाळावर आणि शोधाशोध घरभर. चिमणीला काय माहीत! गाता गाता त्या ओळीवर आली आणि फिस्सकन हसली. पण सूर सोडला नाही पठ्ठीने. हसत हसतच ओळ पुरी केली.

"चुकलं. पुन्हा गाते," ती ओशाळून म्हणाली.

"राहू दे," संगीतकार म्हणाले. "डमीच तर आहे!"

मोठ्या बाई तेव्हा दौऱ्यावर होत्या. थांबायला दिग्दर्शकाला सवड नव्हती, म्हणून त्याने डमी लावूनच गाणं चित्रित केलं. नायिका हुशार. जिथे चिमणी हसली, तिथे तीही अगदी तशीच हसली. मग सेट मोडला, आणि पुन्हा चित्रण करायचा प्रश्नच मिटला.

अखेर मोठ्या बाई गायला आल्या. समोर पडद्यावर नायिका, तिच्या ओठांकडे बघत गायचं. सुरुवात अशी केली बाईंनी, की मी चिमणीची सख्खी बहीण असून भान विसरले. खोटं कशाला बोलू? चिमणी कोपऱ्यात उभी होती, तोंड एवढंसं करून.

चष्म्याची ओळ आली. नायिका हसली, बाईही हसल्या. सुरात हसल्या, पण ते हसू काही हसू वाटेना. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"हसू तेवढं हिचं ठेवू, बाकी तुमचं," संगीतकार चाचरत म्हणाले.

बाईंनी हेडफोन काढून ठेवला. माझी तर पाचावर धारण बसली.

"माझ्या गाण्याला ठिगळ लावता?" त्या कडाडल्या. मग चिमणीकडे वळल्या. "काय गं, एवढी हसलीस कशाला?"

चिमणीने घाबरत घाबरत बाबांचा चष्मा सांगितला. बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर खो खो हसल्या.

"हे माझं खरं हसू," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आणि हे मेलं सुरात बसत नाही. हिचं बसतं. गाणं हिचं आहे. पुसलंत तर माझ्याशी गाठ आहे!"

मी तिथेच सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. लाज? कसली डोंबलाची लाज!

सिनेमा लागला तेव्हा बाबांना आम्ही दोघींच्या मध्ये बसवलं. त्या ओळीवर चिमणीबरोबर अख्खं थिएटर हसलं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" बाबांनी विचारलं. आम्ही दोघींनी हसू दाबत ओठ चावले.

सिनेमा संपला, नावं सरकू लागली, आणि बाबांची एकच धांदल उडाली. हा खिसा चाचप, तो खिसा चाचप.

"अगं, माझा चष्मा कुठाय? हिचं नाव निघून जाईल ना!"

चिमणीने त्यांच्या कपाळावरचा चष्मा अलगद नाकावर उतरवला. बाबांनी पडद्याकडे पाहिलं आणि दाराकडे निघालेले लोक जागीच थांबले, एवढ्या मोठ्याने तिचं नाव वाचलं. आडनावासकट.