पट्टीवर न दिसणारी भट्टी

दामयानोव्हा बाई आमच्या नगरपालिकेच्या प्रमुख झाल्या आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी हुकूम काढला. कॉम्प्युटरच्या टास्कबारवर दाखल्यांचा प्रोग्राम सोडून दुसरं काही दिसता कामा नये. चालता कामा नये असं नव्हे, दिसता कामा नये. बाई आमच्या पाठीमागून फिरायच्या आणि फक्त खालची ती पट्टी बघायच्या. वर पडद्यावर कुणी नाच लावला असता तरी त्यांनी मान उचलली नसती.

मला हा हुकूम ऑक्टोबरात नडला. बाबा मार्चमध्ये गेले. आलुबुखाऱ्याच्या झाडांची शेवटची छाटणी त्यांनी फेब्रुवारीत, कमरेला घोंगडी गुंडाळून केली होती. म्हणजे यंदाचं पीक त्यांच्या हातचं शेवटचं. गावच्या भट्टीवर त्याची दारू, म्हणजे राकिया, गाळायची आमची पाळी वर्षातून एकदा येते, ती आली नेमकी तपासणीच्या दिवशी. रजा रद्द, मोबाइल बाईंच्या कपाटात. भट्टीवाले स्तामेनकाका माणूस सोन्यासारखा, पण चाखून चाखून दुपारपर्यंत त्यांना दोन दोन थर्मामीटर दिसतात. म्हणून मी भट्टीला सेन्सर लावला आणि त्याचा प्रोग्राम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घेतला. तो दर दोन-तीन मिनिटांनी वाफेचं तापमान दाखवतो आणि एका बाईच्या आवाजात सांगतोही. शहाऐंशी झाले की लगेच भांडं बदलायचं, नाहीतर शेवटचा घाणेरडा भाग आत उतरून अख्खी राकिया नासते. मला त्या वेळी टेबलावरच्या टेलिफोनवरून फक्त एक फोन करायचा होता.

पण पट्टीवर थर्मामीटरचं चित्र ठळक दिसत होतं.

"एवढं काय घाबरतोस, पेन्यो?" शेजारच्या टेबलावरची वेलिच्का म्हणाली. "माझी मालिका दोन वर्षं चालू आहे. बाईंना दिसली कधी?"

तिने माझ्या कॉम्प्युटरवर लपवायचा प्रोग्राम टाकला. एक क्लिक केलं, थर्मामीटर पट्टीवरून गेला आणि पडद्यावरूनही गेला. दुसरं क्लिक केलं, लपवणारा प्रोग्रामही गेला.

"आता परत कसा आणायचा?"

"लपवणाऱ्या प्रोग्राममधून."

"तो कुठंय?"

"तो लपलाय ना."

"मग तू मालिका कशी बघतेस?"

"बघते कुठे? कानात इयरफोनची बोंडं घालून ऐकते. दोन वर्षं झाली."

मी तिला काही बोलणार तेवढ्यात दामयानोव्हा बाई तपासनीस कोलारोव्ह साहेबांना घेऊन आत आल्या. साहेबांनी माझी पट्टी पाहिली. एकच चौकोन. त्यांनी समाधानाने माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढली आणि टोपी काढून टेलिफोनवर ठेवली.

"सत्त्याहत्तर," माझा कॉम्प्युटर म्हणाला.

"कोण बोललं?"

वेलिच्काची पापणीही लवली नाही. "नंबर पुकारायची नवी यंत्रणा, साहेब."

बाहेर पॅसेजमध्ये माणसं खरोखरच नंबराच्या चिठ्ठ्या घेऊन बसली होती. चिठ्ठ्या देणारं यंत्र गेल्या वर्षी आलं, पुकारणारं पुढच्या वर्षी येणार होतं. सत्त्याहत्तर नंबरवाला बिचकतच आत आला. आवाज बंद करणं माझ्या हातात होतं. पण मग बाबांची राकिया गेलीच म्हणून समजा. मी त्याचा अर्ज हातात घेतला.

"अठ्ठ्याहत्तर."

गिना आजी आल्या. त्यांना राहत्या पत्त्याचा दाखला हवा होता. तो पिशवीत घालून त्या वळल्या, तोच पुन्हा "अठ्ठ्याहत्तर." साहेब बघत होते.

"बोला आजी, आणखी काय देऊ?"

"काही नको रे."

"आजी, काहीतरी मागा."

आजींनी जन्माचा दाखला मागितला. "अठ्ठ्याहत्तर." मग नवऱ्याच्या मृत्यूचा. "अठ्ठ्याहत्तर." मग कुत्रा नसल्याचा. चांगली राकिया उतरते तेव्हा वाफ तिथेच मुक्काम ठोकते, त्याला मी काय करणार? अर्ध्या तासात आजींकडे अकरा कागद झाले. अकरावा त्यांचं लग्नच झालं नसल्याचा होता. त्यावरही मी शिक्का मारला.

"म्हातारी आत संसार थाटतेय का?" दारातून एकोणऐंशी नंबर ओरडला.

साहेबांनी डोळे पुसले. "बत्तीस वर्षं तपासण्या करतोय. माणसाचं समाधान होईपर्यंत त्याला परत परत बोलावणारी कचेरी आज पाहिली."

मग आकडे धावायला लागले. ऐंशी. ब्याऐंशी. एक्याऐंशी नंबरवाला भांडायला आला. चौऱ्याऐंशी. टेलिफोनवर साहेबांची टोपी, टोपीवर साहेबांचा हात.

"पंच्याऐंशी."

 घोंगडी गुंडाळलेले बाबा शिडीवर दिसले. नोकरी गेली तरी चालेल, आता उठून सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं.

गिना आजी अजून माझ्या टेबलाजवळच्या बाकावरच होत्या. त्या माझ्याकडे वाकल्या. "लेका, भट्टी कुणाची?"

"बाबांची."

"स्तामेनकडे?"

मी मान डोलावली. "तुम्हाला कसं कळलं?"

"अठ्ठ्याहत्तरवर एवढा वेळ दुसरं काय थांबतं?" त्या उठल्या. "साहेब, टोपी उचला."

साहेबांनी उचलली. आजींनी पाठ असलेला नंबर फिरवला. "स्तामेन, भांडं बदल. हो, आत्ता. कोण बोलतंय म्हणजे? नगरपालिका."

"शहाऐंशी," कॉम्प्युटर म्हणाला.

साहेबांनी दामयानोव्हा बाईंकडे पाहिलं. "हा काय प्रकार?"

बाई माझ्या पट्टीकडे वाकल्या. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. "इथे तरी काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

साहेबांच्या अहवालात आमचं कौतुक झालं. ही यंत्रणा कधीही बंद करू नये असं त्यात लिहिलंय. लपलेला प्रोग्राम बंद कसा करायचा हे तसंही कुणाला माहीत नाही. भट्टी केव्हाच विझली, बाहेर बर्फ आहे, आणि कॉम्प्युटर सकाळपासून "चार, चार" म्हणत असतो. चार नंबरची चिठ्ठी मिळावी म्हणून गिना आजी दार उघडायच्या आधी येऊन थांबतात. त्यांना कागद नको असतो. मी टेबलाखालून बाटली काढून त्यांना एक पेला देतो, अर्धा दामयानोव्हा बाईंना. बाटली पट्टीवर दिसत नाही. बाबांच्या हातची आहे, असं मी रोज सांगतो, आणि आजी रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेतात.