उजव्या कानातलं प्रवचन

आमचे पाळकसाहेब प्रवचन करत नाहीत, वाचतात. केरळातला भला माणूस, पण कागदातून मान वर काढेल तर शपथ. इंग्रजी उपासना साडेनऊला सुरू होते आणि प्रवचन आलं की निम्मी मंडळी पापण्यांशी झटापट करत असते. गाझियाबादला आल्यापासून मी दर रविवारी त्या बाकावर बसून पुढच्या रांगेतल्या बायकांनी केसांना कुठला रंग लावलाय ते बघत आले. श्रद्धा वगैरे माझी बेताचीच. राजीव, माझा नवरा, कॉयरमध्ये गातो, म्हणून जायचं.

मग सासरे गेले आणि सासूबाई राहुरीकडून कायमच्या आमच्याकडे आल्या. हौसाबाई त्यांचं नाव. चर्चला त्या अजूनही देऊळच म्हणतात आणि रविवार चुकवणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. हिंदी उपासना सकाळी सातला असते, तेव्हा राजीव उठत नाही. त्यामुळे राजीव कॉयरमध्ये, आणि खाली बाकावर आई आणि मी. त्यांचा डावा कान कामातून गेलेला, म्हणून मी उजवीकडे बसायचं आणि पाळकसाहेब काय म्हणतात ते कानात मराठीत सांगायचं. देवाचा शब्द आहे, इकडचा तिकडे होऊ देऊ नकोस, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मी होऊ दिला नाही. निदान पहिलं वर्षभर तरी.

मग मला मुलगी झाली, सातव्या महिन्यातच. तिला काचेच्या पेटीत ठेवली होती. नाव आधीच ठरलं होतं, प्रभा. ते आईंच्या आईचं नाव. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा राजीवने पाळकसाहेबांना फोन केला, लेकराला बाप्तिस्मा तरी द्या म्हणाला, आणि स्वतः कुठलंसं इंजेक्शन शोधायला बाहेर धावला. मी टाके घालून वरच्या मजल्यावर पडलेली. पाळकसाहेब लगेच आले. पेट्यांच्या खोलीबाहेर आई बसल्या होत्या. त्यांनी हात जोडून, नको नको म्हणत त्यांना दारातूनच परत पाठवलं. पहाटे मुलगी गेली.

हे मला कुणी चुगली करून सांगितलं नाही. आईंनीच सांगितलं, माझ्या उशाशी बसून, केसांवरून मायेने हात फिरवत.

"बाप्तिस्मा दिला की नाव द्यावं लागतं गं. जगणार नाही तिला कशाला द्यायचं? माझ्या आईचं नाव वाया गेलं असतं. पुढच्या लेकराला ठेवू ना."

मुलीच्या कबरीवरच्या पाटीवर हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर होतं तेच आहे, बेबी ऑफ स्वप्नाली. राजीव म्हणाला, आई जुन्या वळणाची आहे, तिच्या मनात वाईट नव्हतं. वाईट नव्हतंच, ते मलाही कळत होतं. म्हणून तर ते माझ्या घशाखाली उतरलं नाही.

दोनेक महिन्यांनी मी पुन्हा चर्चला जायला लागले. एका रविवारी पाळकसाहेब शलमोनाच्या मंदिराची मापं वाचत होते, किती हात लांब, किती हात रुंद. आईंनी कोपराने ढोसून विचारलं, काय म्हणतायत. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, की काही सासवा सुनेच्या ताटातल्या पोळ्या मोजतात, देवाला ते वरून दिसतं, असं म्हणतायत. आई सावरून बसल्या. त्या दुपारी जेवताना त्यांनी माझ्या ताटाकडे बघितलंसुद्धा नाही.

खोटं कशाला बोलू, मला मजा आली. पुढच्या रविवारची मी वाट बघायला लागले. सुनेच्या माहेराला नावं ठेवणारी जीभ, फोनवर गावभर घरातलं सांगणारं तोंड, एकेक करून सगळं मी पाळकसाहेबांच्या तोंडी घातलं. त्यांच्या त्या रटाळ, एकसुरी आवाजाच्या आड काहीही खपत होतं. आई दर आठवड्याला थोड्या थोड्या नरम होत गेल्या. राजीव खूश. "आई बिल्कुल बदलली यार," तो म्हणायचा. "चर्चमध्ये काहीतरी पॉवर आहे." मी म्हणायचे, आहे खरी.

पण पोळ्या आणि फोन यांच्यासाठी का मी एवढी खटपट करत होते? एका रविवारी मी त्यांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "पाळकसाहेब विचारतायत, देव लेकराला नावाने हाक मारायला आला होता, त्याला दारातून कुणी परत पाठवलं?"

आईंनी माझ्या मांडीवरचा हात काढून घेतला. त्यांनी वर पाहिलं. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे कागदात बघत होते. आईंना वाटलं, माणूस मुद्दामच आपल्याकडे बघत नाही. शेवटी तोच माणूस होता ना, ज्याला त्यांनी हात जोडले होते.

त्यानंतर मी विषय बदललाच नाही. उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवतात, तर आई बाजूच्या दाराने निघायला लागल्या. रात्री त्यांच्या खोलीतून पुटपुटणं ऐकू यायचं. प्रभुभोजनाला त्या उठेनाशा झाल्या. सगळी मंडळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जायची आणि ही बाई, जिने उभ्या जन्मात प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, एकटी बाकावर बसून राहायची. गुडघे दुखतात, असं त्यांनी राजीवला सांगितलं. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्याहून जास्त बरं वाटलं.

मग एका गुरुवारी आईंच्या हृदयाची झडप बदलायची होती. वय बघता डॉक्टर काही हमी देईनात. आदल्या शनिवारी संध्याकाळी मी मेथी निवडत होते, तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "सूनबाई, हे पाळकसाहेब नेहमी पापाचंच सांगतात. क्षमेचं कधीच कसं सांगत नाहीत गं? उद्या सांगतील का? एकदा ऐकलं असतं म्हणजे मी सुखाने आत गेले असते."

मी म्हणाले, बघू या. मी हातभर अंतरावर बसले होते. त्या मला, स्वप्नाली, चुकलं माझं, एवढं नुसतं म्हणाल्या असत्या, तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. पण क्षमा माझ्याकडेही मागायची असते, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी दोन काड्या मेथी निवडली आणि उठून गेल्या.

रविवारी पाळकसाहेबांनी उधळ्या पुत्राची गोष्ट घेतली. पोरगा सगळं उडवून परत येतो, अजून लांबच असतो, आणि म्हातारा बाप त्याला बघून धावत सुटतो. तिथे आल्यावर पाळकसाहेबांनी कागद खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान वर केली आणि आवाज कापत म्हणाले, बाप काही विचारत नाही, पोराचं बोलणं पुरं होण्याआधीच तो त्याला मिठी मारतो. पापण्यांशी झटणारी माणसं जागी झाली. मीही ऐकत राहिले. माझी मुलगी आठवली, तिची पाटी आठवली, आणि डोळे भरून आले.

आईंनी मनगट पकडलं. त्यांनाही आवाजातला फरक कळला होता. "काय म्हणतायत? रडतायत का ते? सांग ना गं."

मी डोळे पुसले आणि त्यांच्या उजव्या कानाशी वाकले.

"काही नाही आई. पार्किंगचं सांगतायत. गाड्या गेटसमोर लावू नका म्हणतायत."

आईंनी मान डोलावली. माझं मनगट सोडलं आणि पदर नीट केला.

"मग पुढच्या रविवारी सांगतील," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले. तेवढ्यात प्रभुभोजनाची हाक आली आणि आमच्या रांगेतली माणसं उठली. मीही उठले. मला पलीकडून जाता यावं म्हणून आईंनी आपले पाय बाजूला घेतले.