एका हाताने उघडणारे झाकण

“तुम्ही उलटं धरलंय,” तो म्हणाला.

“काका, तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय,” चाचणीवाल्या मॅडम कागदावरची नजर न उचलता म्हणाल्या.

“मग त्यांनी उलटं धरायचं नाही, असंही ठरवून टाका.”

टेबलाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मुकाट्याने बाटली सुलट केली. टेबलाच्या कडेला त्याचा ओपनर घट्ट बसवला होता. आत निमुळते होत गेलेले दाते, त्यात झाकण सरकवायचे आणि दुसऱ्या हाताचा आधार न घेता बाटली फिरवायची, इतके साधे काम. बाईंनी सरकवली, फिरवली. बाटली दातांतून सटकली आणि आडवी होऊन गडगडत गेली.

“माझ्याच हातात जोर नाही हो,” त्या ओशाळून म्हणाल्या.

“ज्यांच्या हातात जोर नाही त्यांच्यासाठीच बनवलंय ते. पैलवानांसाठी नाही.”

बाईंनी हात मांडीवर ठेवला तो पुन्हा काही वर काढला नाही. त्यांच्या आधीच्या गृहस्थांचेही तेच झाले होते आणि त्यांच्या आधीच्या जोडप्याचेही. मॅडम दर वेळी शांतपणे एक फुली मारत होत्या आणि त्या फुलीगणिक त्याच्या टाळूत कळ जात होती.

कारखान्यात त्याला ‘करवत’ म्हणत. पाठीमागे नाही, चांगले तोंडावर. डबे, चाळण्या, बरण्या बनवणारा तो कारखाना आणि हा तिथल्या नमुन्यांच्या खोलीतला कारागीर. वरच्या मजल्यावर कुणाच्या डोक्यात काही आले, की याने ते आधी पुठ्ठ्यात, मग लाकडात, मग प्लास्टिकमध्ये उभे करून दाखवायचे. हात सोन्याचे होते, कुणी नाही म्हणायचे नाही. पण जिभेला हाड नाही ते नाहीच. एकदा मॅनेजरने मोठ्या हौसेने कागदावर काढलेल्या किटलीला हा सगळ्यांसमोर म्हणाला, “हिच्यातून चहा सोडून सगळं बाहेर पडेल.” किटली खरेच गळली. त्याचा तिथला कामाचा बाक आणि त्याबरोबर नोकरी गेली ती मात्र गळतीमुळे नाही, जिभेमुळे.

त्यानंतर तो घरी बसला. घरात एक थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती याच्याकडे आली आणि पुढे अर्धांगाच्या झटक्याने तिचा उजवा हात कामातून गेला. एक दिवस ती बरणी गुडघ्यांत दाबून डाव्या हाताने झाकण पिळत बसलेली त्याने पाहिली. आधी तो खेकसला, “सांडशील सगळं, आण इकडे.” मग बरणी हातात धरून बराच वेळ उभा राहिला. ओपनरची कल्पना त्याला तिथेच सुचली.

मॅनेजरने त्याला दारातही उभे केले नसते, पण या मॅडम नव्या होत्या आणि त्यांना कल्पना आवडली. बाहेरच्या माणसांना ओपनर जमला तर कारखाना तो काढणार आणि नमुन्यांच्या खोलीतला बाक पुन्हा याला मिळणार, असे ठरले. नाही जमला तर परत तोंड दाखवायचे नाही. त्या बाकावर त्याचा जीव होता. घरच्या ओट्यावर काम करणे म्हणजे त्याला लोकांच्या दारात झोपल्यासारखे वाटे.

“तुम्ही हे कुणावर वापरून बघितलं होतं?” शेवटची फुली मारून मॅडमनी विचारले.

“माझ्या बहिणीवर. पुठ्ठ्यापासून प्रत्येक नमुना. ती एका झटक्यात उघडते. तुम्ही माणसंच कुठून धरून आणलीत कोण जाणे.”

“मग उद्या त्यांना घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी तो ताईला गाडीत घालून घेऊन गेला. वाटेत त्याने दोनदा बजावले, “उघडायची आणि गप्प बसायचं. तुझी दुखणी सांगत बसू नकोस.” ताई खिडकीबाहेर बघत होती. 

खोलीत मॅनेजरही येऊन बसला होता, तमाशा बघायला. ताईने पदर खोचला, बाटली उचलली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झाकण बाजूला.

“बघितलंत?” करवत म्हणाला. किती महिन्यांनी त्याची छाती अशी भरून आली होती. मॅनेजरच्या तोंडाकडे तो अगदी पोटभर बघत राहिला.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “आजी, आता अगदी सावकाश करून दाखवाल?”

ताईने सावकाश केले. बाटलीचे बूड तिने कमरेला टेकवले, कंबर किंचित वर उचलली, अंगठ्याने वरचा दाता दाबून धरला आणि मगच बाटली फिरवली.

“असं धरायचं कुणी शिकवलं?”

“कोण शिकवणार? माझं मीच.”

“पहिल्या वेळेलाच जमलं?”

ताईने भावाकडे बघितले. मॅडमनीही बघितले.

“काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का?”

“मी का म्हणून? ओपनर माझा, बहीण माझी.”

“राहू दे त्याला,” ताई म्हणाली. “ऐकू दे. हा दुपारी सामान आणायला गेला की मी ते घेऊन बसायची. जमेपर्यंत करत राहायची. बोटं सोलून निघायची. मग हा आला की एकदाच उघडून दाखवायचं. नाही उघडलं की हा बोलतो.”

“काय बोलतात?”

“चार माणसांत सांगण्यासारखं नाही ते.”

मॅनेजर खोकला. खोकल्याआडून तो हसत होता, हे करवतला नीट कळले.

“म्हणजे आजी, ओपनर चालत नव्हता?”

“पुठ्ठ्याचा चालत नव्हता, लाकडाचा चालत नव्हता. हाही चालत नाही,” ताई म्हणाली. “मी उघडते.”

मॅडमनी पेनाचे टोपण लावले. “काका, कल्पना चांगली आहे, मी आजही म्हणते. पण तुम्ही ओपनर तपासलाच नाहीत. तुम्ही यांना धाक घातलात आणि धाकाने जे उघडलं ते आम्हाला आणून दाखवलंत.”

त्याने टेबलाच्या कडेचा ओपनर सोडवायला घेतला. मॅनेजर उठताना म्हणाला, “बाकाचं तेवढं विसरा आता. त्या खोलीत आम्ही खोकी ठेवणार आहोत.”

घरी परतताना गाडीतच तो फुटला. “जगासमोर माझी लाज काढलीस.”

“तुझी तू काढलीस. मी फक्त झाकण काढलं.”

“एवढे महिने तोंडात काय गुळणी धरली होतीस? एकदा तरी म्हणायचंस ना, उघडत नाही म्हणून.”

“म्हणाले होते. अगदी पहिल्या दिवशी. तू पुठ्ठा भिंतीवर आपटलास आणि दोन दिवस जेवला नाहीस. मी ताट झाकून बसले होते, माझ्या एका हातानं.”

पुठ्ठा आपटल्याचे त्याला आठवत होते. आपण पुठ्ठ्यावर चिडलो होतो, असेच तो आजवर धरून चालला होता. समोर ताई होती, हे त्याच्या हिशेबातच नव्हते.

पुढे कितीतरी दिवस दोघे एकमेकांशी कामापुरते बोलत होते. ती ताट पुढ्यात सारी, तो ते ओढून घेई. एकदा त्याने तो ओपनर चुलीत घालायला काढला आणि परत ठेवला. मग रागारागाने त्याने त्याचे दाते कापले, खाली बाटली टेकायला एक फळी दिली. आता कमरेचा आधार लागू नये, असा बेत होता. लागतो की नाही, हे मात्र कुणीतरी उघडून बघितल्याशिवाय कळणार नव्हते. बाहेरचे माणूस आणावे तर याच्या जिभेपायी शेजारीपाजारी उंबरा चढत नव्हते. मॅडमकडे जायला तोंड नव्हते.

शेवटी एका सकाळी त्याने तो नवा नमुना स्वयंपाकघरातल्या टेबलाला बसवला आणि बाटली ताईच्या पुढ्यात ठेवली.

तिने बाटलीकडे बघितलेच नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“माझ्याकडे काय बघतेस? बाटली बघ.”

“सवय झालीय.”

“कंबर लावायची नाही. अंगठा लावायचा नाही. शिकलेलं काही करायचं नाही.”

“आणि तू?”

तो उठला. बाहेर गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतले. गजाला धरून उभा राहिला. खाली रस्त्यावर कुणी सायकलची साखळी बसवत होते, चुकीच्या बाजूने, आणि त्यालाही सांगावे असे याच्या मनात येऊन गेले. आत बाटली घासल्याचा आवाज झाला. मग ती पडल्याचा. पुन्हा घासल्याचा. एरवी एव्हाना तो आत जाऊन तिच्या हातातून बाटली हिसकावून मोकळा झाला असता.

“नाही उघडत,” ताईचा आवाज आला. स्वच्छ, सावकाश.

नेहमीचे सगळे शब्द एकामागून एक जिभेवर येऊन उभे राहिले.

“नाही उघडत,” ती पुन्हा म्हणाली, या खेपेला जरा मोठ्याने. गरज नव्हती, पहिल्यांदाच ऐकू आले होते.

त्याने दाराच्या कडीवर हात ठेवला, पण ती ओढली नाही.

“बरं,” तो म्हणाला.

आत ऐकू गेले नसावे. त्याला ते पुन्हा म्हणावे लागले.