कुणालाच नको असलेला चहा

रविवार म्हणजे आरामाचा दिवस असं ज्याला वाटतं, त्याने एकदा इथे जपानात नदीकाठच्या मैदानावर आमच्या चिमुकल्यांचा बेसबॉल बघायला यावं. पोरं खेळतात आणि आया राबतात! प्रशिक्षकांना, पंचांना चहा द्यायचा, तोही पाळीपाळीने. त्या रविवारी पाळी मिनाकोची होती. आठवडाभर दुकानात गल्ल्यावर उभी असलेली बाई सुट्टीलाही उभीच.

तिचा तेप्पेई पहिलीत. एवढ्याशा मुलांना चेंडू टाकत नाहीत, समोर उभ्या केलेल्या कमरेएवढ्या दांडीवर ठेवून देतात. तरी गेले पाच रविवार त्याची बॅट दांडीलाच लागत होती. घरून निघताना त्याने बजावलं होतं, "आई, आज लागणार. तू बघ हं!"

"बघणार म्हणजे बघणारच," ती म्हणाली होती.

तेप्पेई बॅट घेऊन उभा राहिला. मिनाको पुढे सरकली, तोच हिसाए-सानने तिला कोपराने ढोसलं. हिसाएचा मुलगा सहावीत, त्यामुळे ती सगळ्या आयांची म्होरकी; मानाने सगळ्या तिला ‘हिसाए-सान’ म्हणत.

"तेप्पेईची आई, सरांचा कप रिकामा झालाय."

"एवढा त्याचा फटका होऊ दे ना, हिसाए-सान."

"आम्ही सहा वर्षं हेच केलं. आम्हाला काय मुलं नव्हती?"

 उलट बोललं तर उद्या पोराला खेळायला न देता बाकावर बसवतील, ही धास्ती. मिनाको किटली घेऊन गेली. प्रशिक्षक ओगावारा सरांसमोर वाकून, दोन्ही हातांनी ती जवाचा चहा ओतत होती, आणि पाठीमागे टण्णकन आवाज झाला. टाळ्यांचा कडकडाट!

तिने वळून पाहिलं. तेप्पेई धावत पहिल्या बेसवर पोचलासुद्धा होता आणि आयांच्या बाकाकडे बघत तिला शोधत होता. तिने हात वर केला. त्याला तो दिसला नाही.

खेळ थांबताच तो धावत आला. "बघितलंस? सांग, कुठे गेला चेंडू?"

मिनाको सरांकडे वळली. "सर, तुम्हीच सांगा ना त्याला."

सरांचे कान लाल झाले. "मी... मी चहा पीत होतो."

"तिसऱ्या बेसच्या बाजूने गवतात गेला, बाळा. झकास फटका!" पंच कुरामोतो आजोबा म्हणाले. वय अठ्ठ्याहत्तर, जाड भिंगाचा चष्मा. मग ते मोठ्यांकडे वळले. "मला म्हाताऱ्याला दिसला आणि तुम्हाला नाही? ओगावारा, एवढी तहान लागते तुला?"

"तहान कसली, आजोबा! मला हा चहा आवडतसुद्धा नाही. पण या बिचाऱ्या आणून देतात. तसाच ठेवला तर अपमान व्हायचा, म्हणून झटपट संपवतो."

"अहो, तुम्ही संपवता म्हणून तर आम्ही भरतो!" हिसाए ओरडलीच.

"मग ही रीत काढली कोणी?" आजोबांनी विचारलं. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. "कुणालाच ठाऊक नाही! हा हिच्यासाठी पितो, ही ह्याच्यासाठी ओतते. अरे, एकाने तरी तोंड उघडायचं होतं!"

हिसाए बाकावर टेकली. "माझ्या पोराचा पहिला फटका मीही बघितला नाही," ती म्हणाली. आतापर्यंत तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

सरांनी मिनाकोच्या हातातून किटली घेऊन टेबलावर ठेवली. "ज्याला हवा तो घेईल आपल्या हाताने."

सगळं झालं, पण तेप्पेई अजून उत्तराची वाट बघत होता.

"नाही रे राजा, नाही बघितलं मी," मिनाको म्हणाली.

तो रडला नाही. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. त्यानंतरच्या खेळीत ती अगदी पुढे बसली होती. बॅट पुन्हा दांडीलाच लागली.

वाचकहो, रीत मोडायला मोठं धाडस लागतं असं आपण म्हणतो. इथे नुसतं विचारायचं होतं, "तुम्हाला हवं आहे का?" तेवढं विचारायची भीड आपल्याला पडते. चुकलेली रीत उद्या सुधारते, किटली टेबलावर जाते. पण लेकराचा पहिला फटका एकदाच असतो, आणि तो पुन्हा मारून दाखव असं त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?