मी मागचा पंख आहे, पुढचा नव्हे

मी एक पंख बोलतोय. तळ्यावर भिरभिरणाऱ्या चतुर किड्याचा पंख. पंखाला तोंड नसतं हे मलाही कळतं, पण गप्प राहून जे भोगलं ते पुरे झालं.

आमचा चतुर तळ्याकाठी मेला आणि गाळात रुतला. माझा थोरला भाऊ, म्हणजे पुढचा पंख, माझ्या शेजारीच पसरला होता. गाळाचा दगड झाला, तळं आटलं, तरी आम्ही एकमेकांना सोडलं नाही. पुढे खाणीत दगड फुटला आणि चीर नेमकी माझ्या मुळाशी गेली. माझं मूळ भावाच्या तुकड्यावर राहिलं, उरलेला मी वेगळा झालो. निरनिराळ्या खोक्यांतून दोघं एकाच संस्थेत आलो, पण एकमेकांचा पत्ता लागला नाही.

तिथे मी बाईंच्या हाती पडलो. जुन्या किड्यांची घराणी लावायची, हे बाईंचं काम. अख्खा किडा क्वचितच सापडतो, सापडतो तो पंख. म्हणून सगळी भिस्त आमच्यावर. बाईंनी सुईने माझ्यावरची माती इतकी हळुवार काढली की माझा त्यांच्यावर जीवच जडला. मग माझा फोटो काढून, जिथे जिथे दोन शिरा मिळतात तिथे तिथे त्यांनी कॉम्प्युटरवर लाल ठिपके दिले. पंख लहान की मोठा, याला त्यात किंमत नाही. ठिपक्यांची एकमेकांशी ठेवण कशी आहे ते बघायचं आणि शेकडो ओळखीच्या पंखांशी ताडून बघायचं.

इथेच घोळ झाला. चतुराचा मागचा पंख मुळाशी रुंद असतो, पुढचा निमुळता. माझं मूळच जागेवर नव्हतं. बाईंनी मला पुढचा पंख धरलं आणि पुढच्या पंखांच्या रांगेत उभं केलं. तिथे मी कुणासारखा दिसणार, कपाळ? ताडून झालं की पडद्यावर दर पंखाचा एकच ठिपका उमटतो, सारखे पंख जवळजवळ; माझा ठिपका सगळ्यांपासून लांब, कोपऱ्यात एकटाच उमटला.

"सर, हा कुणाशीच जुळत नाही!" बाई ओरडल्या.

त्यांचे वरिष्ठ चहाचा कप हातात घेऊनच धावत आले. "अहो, नवी जात आहे ही! नाव शोधा आता, नाव!"

बाईंनी आपल्या आईचं नाव दिलं. ते छापूनही आलं. म्हातारी काठी टेकत मला बघायला आली.

"अगं, माझं नाव द्यायला तुला किडाच मिळाला होय?"

"आई, हा कोट्यवधी वर्षं टिकलाय. तुझं नावही टिकेल."

म्हातारी हसली आणि मग पदराने डोळे पुसत राहिली. अख्ख्या इमारतीला तिने ही बातमी सांगितली म्हणे. नाव खोटं होतं, पण तिच्याकडे बघून मीही ते मुकाट्याने वागवलं.

एकदा बाई कप्पे आवरत होत्या. त्यांनी एक दगड माझ्या शेजारी ठेवला आणि मी ओळखलंच. दादा! त्याच्या कडेला राहिलेला माझ्या मुळाचा कपटा आजवर कुणी मोजलाच नव्हता. बाईंचा हात थबकला. त्यांनी दोन्ही दगड उचलून कडेला कड लावली. खट्ट! माझ्या शिरा सरळ माझ्या मुळात गेल्या. मी पुरा झालो, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"काय सापडलं?" सरांनी दारातून विचारलं.

"काही नाही सर. धूळ झाडतेय."

माझा विश्वासच बसेना. सर गेल्यावर बाईंनी मला मागच्या पंखांत बसवून पुन्हा ताडून पाहिलं. माझा ठिपका एका साध्या, सगळ्यांना माहीत असलेल्या जातीच्या घोळक्यात जाऊन बसला. दादाची जात तीच.

"आईला काय सांगू रे मी?" बाई रडत मला म्हणाल्या.

खरं सांगा की! आई आहे ती, रागावेल आणि समजून घेईल. पण बाईंनी कानस घेतली आणि माझी तुटकी कड घासून गुळगुळीत केली. भुकटी फुंकरीने उडवली. दादाला नमुन्यांच्या अदलाबदलीत दुसऱ्या संस्थेकडे पाठवून दिलं.

आता मी दर्शनी दालनात काचेत आहे. वर दिवा, खाली म्हातारीचं नाव. बाई समोरून जातात, पण माझ्याकडे बघत नाहीत. बाई, माझा तुमच्यावर जीव जडला होता हो.

तुम्ही कुणी पुढे मला मोजायला घ्याल, तर कडेवर जाऊ नका, ती घासलेली आहे. माझ्या शिरांवर ठिपके द्या आणि मला मागच्या पंखांत बसवून बघा. मी ज्यांच्या घोळक्यात पडेन, त्यांतच माझा दादा असेल. त्याला शोधा. त्याच्याजवळ माझं मूळ आहे, त्याने ते सांभाळलं असेल.