दोन रिकाम्या चौकटी

उतावळ्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. ते दादानं ठेवलं होतं. लहानपणी कच्ची फळं तोडून खायचा म्हणून ठेवलं, आणि पन्नाशी उलटून अर्धं डोकं पांढरं झालं तरी ते निघालं नाही. वहिनी तेवढी त्याला भावजी म्हणायची. तीसुद्धा रागात नसेल तेव्हाच.

दोघा भावांचा धंदा मधमाश्यांचा. धंदा म्हणजे काय, माश्या दादाच्या आणि ओझी उतावळ्याची. पेटी उचलायची, गाडीत चढवायची, बागेत उतरवायची, धुराचा डबा फुंकायचा, हे सगळं उतावळ्यानं करायचं. पेटीचं झाकण कधी उघडायचं, कधी लावायचं, हे दादा ठरवणार. चाळीस वर्षं असंच चाललं होतं. त्याबद्दल उतावळ्याची तक्रार नव्हती असं कुणी म्हणू नये. होती, पण ती पोटात होती.

त्या हिवाळ्यात दादाच्या छातीनं असहकार पुकारला. खोकून खोकून माणूस अर्धा झाला. डॉक्टर म्हणाले, थंड हवेत पाऊल टाकायचं नाही. मग दादाची खाट मागच्या खोलीत गेली, शेगडीजवळ, आणि पेट्या आल्या उतावळ्याच्या हाती. सहा पेट्या. आजारपणात आधीच बऱ्याच विकून टाकल्या होत्या, एवढ्याच उरल्या होत्या.

"ह्या सहा जगव," दादा म्हणाला. "मी उठून चालायला लागेन तेव्हा मला माश्या दिसल्या पाहिजेत. दुसरं काही मागत नाही तुझ्याकडे."

"जगवतो की. मी काय काल जन्मलो?"

"तीच तर भीती आहे. काल जन्मला असतास तर ऐकलं असतंस."

उतावळ्यानं रोज संध्याकाळी पेट्या ठेवल्या होत्या त्या वरच्या माळावर जायचं, एकेका पेटीला कान लावायचा आणि घरी येऊन दादाला तो आवाज तोंडानं काढून दाखवायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. दादाला आवाजावरून सगळं कळायचं. राणी असलेली पेटी कशी सुरात असते, राणी गेलेली कशी रडल्यासारखी वाजते, भुकेली कशी फुसफुसते. पन्नाशीचा बाप्या खाटेच्या कडेला बसून हूंऽऽ करतोय आणि म्हातारा डोळे मिटून ऐकतोय. वहिनी दारातून बघायची आणि म्हणायची, "दोघांना एकाच वेड्यांच्या इस्पितळात जागा मिळो, म्हणजे माझी एकाच ठिकाणी खेप होईल."

आणि मग हिवाळा संपायच्या आधीच ऊन आलं.

साधंसुधं नाही, स्वेटर काढायला लावणारं. दक्षिणेकडून कोमट वारा आठवडाभर वाहत होता. गल्लीतली माणसं दारात खुर्च्या टाकून बसायला लागली. खालच्या बागेतली जर्दाळूची झाडं एका रात्रीत फुलली, वेळेच्या कितीतरी आधी. बागवाला सकाळीच दारात हजर. "पेट्या आणा खाली. फुलं काय तुमच्या भावाच्या छातीसाठी थांबणार आहेत?"

उतावळ्या उड्या मारतच मागच्या खोलीत गेला.

"नाही," दादा म्हणाला.

"अरे, पण फुललंय सगळं!"

"जर्दाळू फुललाय. वरच्या माळावरची उंच झाडं बघितलीस? फुटलंय एखादं पान?"

"ती नेहमीच शेवटी फुटतात."

"का फुटतात शेवटी, ते ऐक." दादानं दोन उशा पाठीला घेतल्या. श्वास पुरत नव्हता, पण ह्या विषयावर तो थांबणारा नव्हता. "जर्दाळूनं थंडी पोटभर खाल्ली की त्याची झोप पुरी होते. मग थोडी ऊब लागली की तो भुलतो. वरची झाडं उबेला भुलत नाहीत. ती उजेड मोजतात, दिवस किती मोठा झाला ते बघतात. दिवस कसा मोठा होतो? पृथ्वी कललेली आहे, सूर्याभोवती फिरता फिरता आपली बाजू त्याच्याकडे वळते. त्यात दरवर्षी फरक नाही, लबाडी नाही. पण ही ऊब? ती सूर्याची नाही, ती वाऱ्यानं आणलीय. वारा फिरला की घेऊन जाईल. उत्तरेकडची थंड हवा अजून गेलेली नाही, डोंगरापलीकडे बसलीय."

"मग काय दिवस मोजत बसू?"

"वरच्या झाडांना पान फुटेपर्यंत पेट्या माळावरच राहू दे. आणि झाकण उघडू नकोस."

आता उतावळ्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत? समोर बाग पांढरी झालेली, बागवाला रोज टोमणे मारतोय, आणि माश्यासुद्धा बाहेर पडून पायांना पिवळा पराग लावून परततायत. माश्यांनाच पटलंय, मग आपण कोण? चाळीस वर्षांत एकदा तरी आपल्या मनानं काही करावं आणि दादा उठेल तेव्हा त्याला भरलेल्या पेट्या दाखवाव्यात, एवढंच त्याच्या मनात होतं. पेट्या त्यानं भाड्याच्या गाडीत घातल्या आणि खाली नेल्या, बागेच्या अगदी तळाशी, जिथं फुलं सगळ्यात दाट होती. घरी बोलला नाही.

तेवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं कदाचित. पण त्यानं झाकणं उघडली. पेटीत चौकटी उभ्या लावलेल्या असतात, पुस्तकाच्या पानांसारख्या, आणि मधल्या चार-पाच चौकटींत राणी अंडी घालते. माश्या त्यांवर दाटीनं बसून ऊब देतात. मधोमध रिकामी चौकट सरकवली तर राणीला ती फट सहन होत नाही, ती भराभर भरून काढते आणि पेटी लवकर वाढते. ही युक्ती दादा करायचा, पण वसंत पक्का झाल्यावर. उतावळ्यानं प्रत्येक पेटीत दोन-दोन रिकाम्या चौकटी मधोमध घातल्या.

आठवडा झकास गेला. राण्यांनी चौकटी भरल्या. संध्याकाळी उतावळ्या हूंऽऽ करायचा तो असा भरदार की दादाच्या चेहऱ्यावर रंग यायचा.

"जोरात आहेत रे."

"मग! सांगितलं होतं ना?"

"माळावर एवढा पराग कुठून मिळतोय त्यांना?"

"मिळतोय कुठून तरी," उतावळ्या म्हणाला आणि शेगडीत लाकूड सारायला लागला.

मग एके दुपारी वारा पडला. पार पडला. संध्याकाळी पश्चिमेचं आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं, ढगाचं नाव नाही. वहिनी वाळत घातलेले कपडे काढताना म्हणाली, "किती छान आभाळ झालंय." आतून दादाचा आवाज आला, "पांघरूण काढलं वरचं. ढग म्हणजे जमिनीचं पांघरूण, ते गेलं की दिवसाची सगळी ऊब सरळ वर उडून जाते. आणि थंड हवा जड असते, पाण्यासारखी उतारानं खाली जाऊन साचते. बरं झालं पेट्या माळावर आहेत."

उतावळ्या दारात बूट घालत होता. एक घातला, दुसरा हातातच राहिला.

तो बागेत पोचला तेव्हा तळाशी पाय ठेवताच नडग्यांना गार लागलं, विहिरीत उतरल्यासारखं. त्यानं घरातल्या जुन्या गोधड्या आणल्या होत्या, पेट्यांवर टाकल्या. गाडीवाल्याकडे गेला, तर तो परगावी गेलेला. एकट्यानं पेटी उचलून चढ चढायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून बसला. चौकटी काढाव्यात म्हटलं, तर झाकण उघडलं की होती ती ऊबही जाणार. हात चोळत तिथंच फिरत राहिला आणि शेवटी घरी आला.

सकाळी गवत पांढरं होतं. चार दिवस तसंच चाललं. जर्दाळूची फुलं तपकिरी झाली, भिजवून पिळलेल्या कागदासारखी. उतावळ्या रोज जायचा, कान लावायचा. पहिल्या दिवशी घुमल्यासारखं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी दोन पेट्यांत काहीच नव्हतं. आणि रोज संध्याकाळी तो खाटेच्या कडेला बसून मागच्या आठवड्यातलं हूंऽऽ काढायचा. वहिनीनं त्याचं तोंड बघून ओळखलं होतं. स्वयंपाकघरात तिनं त्याला हळूच विचारलं, "भावजी, किती?" त्यानं मान खाली घातली. "मग आज तरी नका सांगू. आज त्यांनी दोन घास खाल्लेत."

चौथ्या संध्याकाळी दादानं डोळे मिटले नाहीत. ऐकत होता आणि उतावळ्याच्या तोंडाकडे बघत होता.

"पुरे," तो म्हणाला. "गारठ्यात माश्या असं वाजत नाहीत. गारठ्यात त्या एकमेकींना चिकटून गोळा होतात आणि नुसते स्नायू थरथरवतात, पंख न हलवता. खोल आवाज येतो. तू मला ऊन वाजवून दाखवतोयस. कुठं आहेत पेट्या?"

उतावळ्यानं सांगितलं. बाग सांगितली, तळ सांगितला. मग चौकटींचंही सांगितलं.

 दादाला खोकला आला तो थांबेना.

"ह्या हिवाळ्यातून आलेल्या माश्या म्हाताऱ्या असतात रे," शेवटी म्हणाला. "थोड्या उरलेल्या असतात. थोडी पिल्लं असतील तर पांघरतात कशाबशा. तू त्यांच्यासमोर दुप्पट पिल्लं मांडलीस आणि मधून दोन भाग केलेस. त्या पिल्लं सोडून गोळा होत नाहीत. पसरून बसतात आणि मरतात."

"दादा, मला वाटलं तू उठशील तेव्हा—"

"ते मला कळतं. चौकटींचं मी एखाद वेळी विसरेन. पण चार दिवस तू इथं बसून गात होतास."

उतावळ्यानं खाटेवरून घसरलेलं पांघरूण उचलून दादाच्या पायांवर टाकलं.

"उद्या दुपारी ऊन असेल तर उघड," दादा म्हणाला. "कुठं मूठभर जिवंत असतील तर दोनच चौकटी ठेव, पिल्लांची एक, मधाची एक. दोन्ही बाजूंनी फळ्या लावून जागा आवळ. वर गोधडी. आणि गाडीवाला आला असेल तर माळावर ने."

दुसऱ्या दिवशी ऊन आलं, जसं काही झालंच नव्हतं. उतावळ्यानं झाकणं उघडली. पाच पेट्यांत माश्या जिथल्या तिथं होत्या, पिल्लांवर पसरलेल्या, काही मेणाच्या घरात डोकं खुपसून. पुढच्याच चौकटीत मध भरलेला होता, तिथवर जायलाही त्यांनी जागा सोडली नव्हती. त्यानं बोटानं एका ठिकाणी ढकललं तर सगळा थर वाळलेल्या शेंगांसारखा खाली पडला. सहाव्या पेटीत मूठभर हलत होत्या. राणी होती त्यांच्यात. दादानं सांगितलं होतं तसं त्यानं केलं, फळ्या आवळल्या, आणि गाडीवाल्याबरोबर ती एक पेटी माळावर नेऊन ठेवली. तीन दिवस तिच्याजवळ बसून राहिला. वहिनी डबा घेऊन वर आली, तिनंही कान लावला.  तिसऱ्या दुपारी राणी पेटीच्या दाराशी पडलेली होती आणि तिच्याभोवती चार-पाच माश्या नुसत्या उभ्या होत्या.

संध्याकाळी उतावळ्या मागच्या खोलीत आला. खाटेच्या कडेला बसला नाही, दारातच उभा राहिला.

"गेली," तो म्हणाला. "आता काही नाही ऐकायला."

दादानं छताकडे बघत मान हलवली. शेगडी विझत आली होती, उतावळ्यानं वाकून तिच्यात लाकूड घातलं. मग दोघेही धुराकडे बघत राहिले.

"मी उठलोच तर," दादा म्हणाला, "काय बघायला उठायचं, ते आता तूच सांग."

 उतावळ्या आतून एक स्टूल ओढून खाटेजवळ घेऊन आला आणि त्यावर बसला. खिडकी उघडी होती, बाहेरची हवा अगदी मऊ होती, आणि दादाला खोकला आला तेव्हा उतावळ्यानं उठून ती लावून घेतली.