सांगायचं कोणी

मधली सुट्टी संपत आली होती. मुख्याध्यापकांनी वसतिगृहाच्या रेक्टरांना खोलीत बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

"तो नवा मुलगा, मुका म्हणतात ना त्याला? त्याची आई गेली. त्यांच्याकडे काल बाजार पेटवला, त्यात. मामा न्यायला निघालाय, उद्या पोचेल."

मुका काही खरा मुका नव्हता. त्या शाळेत कुठकुठची मुलं राहायची. प्रत्येकाच्या घरची भाषा वेगळी, पण शाळेची भाषा मोडकीतोडकी का होईना सगळ्यांना यायची. याला ती अजून येत नव्हती, म्हणून तोंडाला कुलूप. त्याची भाषा अख्ख्या वसतिगृहात एकट्या लंबूला येत होती. लंबू शेवटच्या वर्गातला, ताडमाड वाढलेला पोरगा. पण तो त्यांच्या मुलखातल्या नदीच्या पलीकडचा आणि मुका अलीकडचा, आणि त्या दोन काठांमधून विस्तव जात नव्हता. हे दोघंही एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नसत. जेवणघरात एक या टोकाला बसला की दुसरा त्या टोकाला.

"बाजार पेटवला कोणी?" रेक्टरांनी विचारलं.

"पलीकडच्यांनी," मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मामा येईपर्यंत थांबावं, असं रेक्टरांच्या मनात येऊन गेलं. पण जेवणघरात टीव्ही होता, मुलांच्या हातात फोन होते. संध्याकाळपर्यंत पोराला सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं असतं आणि धड काहीच कळलं नसतं. त्यांनी लंबूला अभ्यासिकेतून बाहेर बोलावलं आणि जिन्याखालच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं.

लंबूनं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"सर, दुसरं कोणी नाही का?"

"असतं तर तुझ्यावर ही वेळ आणली असती का मी?"

"आग कोणी लावली, तेपण सांगायचं?"

"त्यानं विचारलं तर सांग."

"तो विचारणारच," लंबू म्हणाला. "मी असतो तर तेच पहिलं विचारलं असतं."

मुका मधल्या सुट्टीत खोलीवर येऊन कपड्यांच्या घड्या घालत होता. लंबूला दारात बघून तो उठून उभा राहिला. लंबू वाकून, जवळजवळ गुडघ्यांवर येऊन बोलायला लागला. रेक्टरांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. आवाज मात्र कळत होता. एवढा धिप्पाड मुलगा, पण बोलताना त्याचा आवाज तान्ह्या मुलाला निजवताना लागतो तसा लागला होता. मुका ऐकत राहिला. मग त्यानं एकच शब्द विचारला. लंबूनं मान खाली घातली आणि उत्तर दिलं.

मुक्यानं हातातला सदरा कॉटवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. लंबूनं खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं झिडकारला नाही, नुसता अंग चोरून बाजूला सरकला. लंबू उठून बाहेर गेला.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. शाळा सुटली तशी मुलं एकेक करून त्या खोलीत जमायला लागली. आता करायचं काय, यावरून दारातच कुजबुज सुरू झाली. एकाच्या घरी अशा वेळी माणसाला क्षणभर एकटं सोडत नसत. दुसऱ्याच्या घरी त्याच्याशी चकार शब्द बोलत नसत. तिसऱ्याकडे त्याला पोटभर रडवायचं, चौथ्याकडे त्याच्यासमोर डोळ्यांत पाणी काढायचं नाही.

"त्यालाच विचारा ना, त्यांच्याकडे काय करतात," कोणीतरी म्हणालं.

विचारायचं तर पुन्हा लंबूच हवा. त्याला परत पाठवायची कोणाची छाती झाली नाही. मग ज्याला जे येत होतं ते तो करत राहिला. एकजण कॉटच्या पायाशी बसून हलक्या आवाजात स्वतःच्या घरची प्रार्थना म्हणत होता. एकानं मुक्याचे कपडे घडी घालून पेटीत भरले. बाकीचे जमिनीवर दाटीवाटीनं नुसते बसून होते. आचाऱ्यानं ताटं वरच पाठवली. मुका पाणी तेवढं प्यायला. ग्लास परत देताना त्यानं सगळ्यांकडे बघितलं. ही एवढी पोरं का जमलीत ते त्याला कळलं असावं, नसावंही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आला. डोळे तांबारलेले, अंगावर प्रवासाची धूळ. त्याच्याशी बोलायचं म्हणजे पुन्हा लंबूच. रेक्टरांनी त्याला पुढे केलं आणि लगेच त्यांची चूक त्यांच्या लक्षात आली. लंबूच्या दोन वाक्यांतच मामानं त्याचा काठ ओळखला. त्याचा चेहरा दगडासारखा झाला. तो आवाज न चढवता काहीतरी बोलला. लंबूच्या ओठांवरचा रंग उडाला.

"काय म्हणाले?"

"सामान कुठंय, असं विचारतायत, सर."

फाटकाशी सगळी मुलं रांगेनं उभी होती. मुका प्रत्येकाचा हात हातात घेत गेला, अगदी आचाऱ्याचाही. लंबूपाशी आल्यावर तो थबकला. त्यानं हात उचलला होता, हे रेक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तेवढ्यात मामानं त्याला दंडाला धरून पुढे ओढलं, आणि गाडीचं दार लागलं.

मुलं पांगली. लंबू तिथंच उभा होता. रेक्टर जवळ गेले.

"बरोबर सांगितलंस तू," ते म्हणाले. "खोटं बोलला असतास तर आज ना उद्या त्याला कळलंच असतं."

"सर, आमच्या गल्लीतली पोरंपण होती त्या जमावात. भावानं फोनवर सांगितलं, तुम्ही मला सांगायच्या आधीच." तो थांबला. "भाऊ होता की नाही, ते मी विचारलं नाही."

आत तासाची घंटा झाली. लंबूनं तोंडावरून हात फिरवला आणि तो वर्गाकडे चालू लागला.